हातातला फोन कामाला लावताना : माध्यमिक शाळेतील शिक्षक आणि पालकांसाठी

आठवी ते दहावीच्या मुलांना ‘फोन खाली ठेव’ असे सांगण्यात आपण शिक्षक आणि पालक दिवसभरात जेवढी शक्ती घालवतो, तिच्या निम्मी शक्ती ‘फोन हातात घेतलास तर त्यावर काय करशील’ हे मुलांसोबत बसून ठरवण्यात घातली, तर वर्षअखेरीस वर्गात डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो, असा सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत शिकवतानाचा माझा अनुभव आहे. समाजमाध्यमे चांगली की वाईट हा वाद मला येथे घालायचा नाही. मुले ती वापरत आहेत हे धरून चालावे, त्या वापराला काही काम जोडून द्यावे आणि त्यात काही बिघडले तर मूल सर्वांत आधी आपल्याकडे येईल अशी व्यवस्था करावी, एवढ्यापुरते हे मार्गदर्शन आहे.

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोन समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगितले, तर अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के होती. त्याच अहवालात समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना त्रासदायक खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करावे हे माहीत होते आणि स्वतःचे प्रोफाइल प्रायव्हेट कसे करावे हे ५५ टक्क्यांना माहीत होते. याचा साधा अर्थ असा, की दहा जणांच्या रांगेतील साधारण चार मुलांना त्रास देणाऱ्याला थांबवायचे बटण कुठे आहे हे अजून कोणी दाखवलेले नाही. ते दाखवणे हे गणिताच्या सूत्राइतकेच शाळेचे काम आहे, असे मी मानतो.

फोन कोणाचा आहे, हे आधी पाहावे

कोणताही नियम करण्यापूर्वी वर्गातील मुले कोणाचा फोन वापरतात हे शांतपणे विचारून घ्यावे. ‘मुलाच्या फोनमध्ये अमुक सेटिंग करा’ अशा ज्या सूचना सर्वत्र वाचायला मिळतात, त्या स्वतंत्र फोन असलेल्या मुलासाठी ठीक आहेत; परंतु आपल्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलात पुष्कळदा एकच फोन घरभर फिरत असतो. वडील यंत्रमागावर पाळीला गेले की तो त्यांच्या खिशात जातो, पाळी सुटली की घरी येतो, आणि आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असताना तो आधी धाकट्याच्या हातात कार्टूनसाठी आणि मग थोरलीच्या हातात इन्स्टाग्रामसाठी जातो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून हप्त्यावर आणलेला फोन अनेक घरांत असाच सर्वांचा होऊन बसला आहे.

अशा फोनवरचे खाते बहुधा मोठ्या भावाने किंवा मामाने उघडून दिलेले असते आणि ते पटकन उघडावे म्हणून जन्मसाल वाटेल ते टाकलेले असते. ही गोष्ट किरकोळ वाटते, परंतु बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. इन्स्टाग्रामने २०२५ मध्ये भारतात १८ वर्षांखालील मुलांसाठी वेगळी किशोर खाती सुरू केली. त्यात खाते आपोआप प्रायव्हेट राहते, अनोळखी माणसाला थेट मेसेज पाठवता येत नाही, दिवसात एक तास झाला की थांबण्याची सूचना येते, रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत नोटिफिकेशन बंद राहतात, आणि १६ वर्षांखालील मुलाला हे नियम सैल करायचे असतील तर पालकांची संमती लागते. खात्यात वय २५ लिहिले असेल, तर चौदा वर्षांच्या मुलीला यातील एकही संरक्षण मिळत नाही. म्हणून पालकांनी पहिले काम हे करावे की मुलाशेजारी बसून, त्याच्याच हाताने सेटिंग उघडवून, वैयक्तिक माहितीतील जन्मतारीख तपासावी आणि चुकलेली असल्यास दुरुस्त करावी. मुलाच्या पाठीमागे, तो झोपल्यावर, हे करू नये. त्यामुळे तारीख दुरुस्त होईल, पण मूल दुसऱ्या दिवशी दुसरे खाते उघडेल.

त्याच बैठकीत व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसीमध्ये जाऊन डीपी आणि ग्रुपमध्ये जोडण्याचा अधिकार फक्त ओळखीच्या क्रमांकांपुरता ठेवावा आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन लावून घ्यावा. याला पाच मिनिटे पुरतात.

पहिला तास

शाळेत हा विषय सुरू करताना भाषणाने सुरू करू नये. ‘मोबाइल : शाप की वरदान’ या विषयावर मुलांनी पाचवीपासून इतके निबंध लिहिलेले असतात, की आपल्याला काय ऐकायला आवडेल हे त्यांना पाठ असते, आणि तेच ती आपल्याला ऐकवतात. त्याऐवजी मुलांना एक कोरा कागद द्यावा आणि त्यावर आठवडाभर तीन गोष्टी नोंदवायला सांगावे : फोन हातात घेतला ती वेळ, कशासाठी घेतला ते कारण, आणि खाली ठेवताना मनाला काय वाटले ते. कागदावर नाव घालू नये आणि शिक्षकाने तो तपासून सही करू नये. फोनमधील ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये कोणते अॅप किती वेळ उघडे होते हे दिसते, ज्यांचा फोन स्वतःचा आहे त्यांनी ते आकडे शेजारी लिहावेत, परंतु सामाईक फोनवर आईचा, भावाचा आणि मुलाचा वेळ एकत्र मोजला जातो, त्यामुळे तेथे कागदच खरा.

आठवड्यानंतर कागदांचा गठ्ठा मिसळून मोठ्याने वाचावा. ‘गृहपाठ विचारायला घेतला, पाऊण तासाने ठेवला, गृहपाठ विचारायचा राहिला’ अशी एक नोंद आमच्या वर्गात वाचली गेली तेव्हा सगळा वर्ग हसला, आणि हसता हसता पंधरा-वीस हात ‘माझेही असेच’ म्हणून वर गेले. त्या क्षणी शिक्षकाला काही समजावून सांगावे लागत नाही. येथे एकच गोष्ट मात्र स्पष्ट करून सांगावी, ती म्हणजे रीलची रांग लागते कशी. आपण कोणत्या व्हिडिओवर किती वेळ थांबलो, कोणता दुसऱ्यांदा पाहिला, कोणता मित्राला पाठवला, यावरून पुढचे व्हिडिओ निवडले जातात. त्यामुळे चिडून, घाबरून किंवा किळस येऊनही आपण एखाद्या व्हिडिओवर थांबलो, तर ‘याला हे हवे आहे’ असाच हिशेब मांडला जातो आणि तसेच आणखी व्हिडिओ समोर येतात. नको असलेल्या रीलवर ‘नॉट इंटरेस्टेड’ निवडणे, मन खट्टू करणारी खाती अनफॉलो करणे आणि ज्यांच्याकडून काही शिकायला मिळते अशी चार खाती जाणीवपूर्वक शोधून फॉलो करणे, हा गृहपाठ त्या दिवशी द्यावा. दोन आठवड्यांनी दोन मुलांचे फोन शेजारी ठेवून समोर काय येते ते ताडून पाहिले, की मुलांना या यंत्रणेचे काम आपोआप कळते.

करण्याजोगे काम

नुसते पाहत बसलेले मूल आणि काहीतरी तयार करून दाखवणारे मूल यांच्या फोनवापरात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. दाखवायचे काही हाताशी असले की मूल प्रश्न विचारते, खात्री करते, खाडाखोड करते, लोक काय म्हणतील याचा विचार करते. फोनला शिक्षणाचे साधन करण्याचा एक मोठा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला आहे : माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. तेवढे मोठे काम प्रत्येक शाळेला करता येणार नाही, परंतु पूर्वी वर्गाबाहेर लागणारे भित्तिपत्रक आज इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर लावणे कोणत्याही शाळेला जमण्यासारखे आहे.

यासाठी मुलांनी स्वतःची खाती उघडण्याची गरज नाही. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने शाळेच्या ईमेलवरून एकच खाते उघडावे, पासवर्ड दोन शिक्षकांकडे ठेवावा आणि मुलांचे संपादक मंडळ नेमावे. विषय दूर शोधायला जाऊ नये. सोलापूरच्या एका वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले शेजारी शेजारी बसतात. प्रत्येक घरात हाताचे काहीतरी कौशल्य असते आणि ते सांगणारे माणूस असते. कडक भाकरी कशी थापतात आणि किती दिवस टिकते, शेंगाचटणी मिक्सरमध्ये न करता कुटून का करतात, भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर कशी उमटते, असा एकेक प्रश्न घेऊन दीड मिनिटाचा व्हिडिओ करायला सांगावे आणि खाली दोन भाषांत चार-चार ओळी लिहून घ्याव्यात. एका भाषेतील मजकूर ज्याच्या घरी ती भाषा बोलत नाहीत अशा मुलाने शेजाऱ्याकडून समजून घेऊन तपासावा. या एका अटीमुळे वर्गात ज्या मैत्री जुळतात, त्या बाकांची अदलाबदल करून जुळत नाहीत.

एका मुलाने आपल्या आजोबांचा व्हिडिओ करायचे ठरवले. आजोबांची तीस वर्षे यंत्रमागावर गेलेली. पहिल्या दिवशी मुलगा कारखान्यात गेला, मालकाची परवानगी घेतली, मागाशेजारी आजोबांना उभे केले आणि चित्रीकरण घेऊन आला. वर्गात लावून पाहिले तेव्हा मागाच्या खडखडाटाशिवाय काहीही ऐकू येईना. तेव्हा ठरले की मागाचे चित्र वेगळे घ्यायचे, तेही सुरक्षित अंतरावरून, कारण चालू मागाचा धोटा उडून इजा होते. आणि आजोबांचा आवाज घरी, पंखा बंद करून, वेगळा ध्वनिमुद्रित करायचा. दुसऱ्या दिवशी मुलगा प्रश्न विचारत होता आणि आजोबा भलतेच उत्तर देत होते. तीन वेळा असे झाल्यावर आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘जोरात विचार रे, त्यांचे कान मागाने नेले.’’ आजोबा घरात नेहमी ओरडून का बोलतात, हे त्या मुलाला चौदाव्या वर्षी त्या संध्याकाळी कळले. त्याने व्हिडिओचा विषय बदलला. नक्षीऐवजी कान हा विषय घेतला, आणि मागावर काम करणाऱ्यांनी कानांना संरक्षण का घ्यावे हे शेवटी आजोबांच्याच तोंडून वदवले. त्या व्हिडिओला लाइक फार मिळाले नाहीत. परंतु त्या आठवड्यात शेजारच्या दोन घरांतून लोक ‘कानांची तपासणी कुठे होते’ असे विचारायला आले, आणि तो मुलगा ही बातमी वर्गात सांगताना ज्या अभिमानाने उभा होता, तो अभिमान मला लाइकच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो.

अशा कामात काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात. ज्याचे चित्रीकरण करायचे त्याला ते कुठे दिसणार हे आधी सांगून होकार घ्यावा, आणि नंतर त्याने ‘काढून टाक’ म्हटले तर कारण न विचारता काढावे. लहान मुलांचे चेहरे दाखवायचे असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी. शक्यतो हात, वस्तू आणि आवाज यांवरच भागवावे. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला, घराचा क्रमांक, गाडीची नंबर प्लेट आणि क्लासचे वेळापत्रक चित्रात येत नाही ना, हे प्रसिद्धीपूर्वी एका मुलाने केवळ याच नजरेने पाहावे. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो टाकायचा मोह सर्वांना होतो, तो आवरायला सांगू नये. मात्र घरी परतल्यानंतर फोटो टाकावेत, ‘मी आत्ता येथे आहे’ हे जगाला कळवू नये, एवढी सवय लावावी. कमेंट सुरुवातीला बंद ठेवाव्यात आणि उघडल्यावर त्या शिक्षकाने रोज पाहाव्यात.

जयंती-पुण्यतिथीच्या पोस्ट ही खात्री करण्याची सवय लावण्याची उत्तम संधी आहे. १२ जानेवारीला आपल्याकडे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांना अभिवादन करणारे स्टेटस घरोघर लागतात. वर्गाला आदल्या दिवशी एवढेच विचारावे की यांना फाशी कोणत्या साली आणि कुठे झाली. ज्या चौकात पुतळे आहेत तेथेच फाशी झाली असावी, असे सांगणारी मुले निघतातच. फाशी १९३१ मध्ये पुण्याच्या येरवडा कारागृहात झाली, आणि तिच्या मागे १९३० च्या मे महिन्यातील सोलापूरचा मार्शल लॉ होता, हे मुलांनी पुस्तकातून आणि ग्रंथालयातून शोधून काढले, की नुसत्या हात जोडलेल्या चित्राऐवजी चार नेमकी वाक्ये त्यांच्या स्टेटसवर येतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याविषयी १० ऑक्टोबरला, त्यांच्या जन्मदिनी, असेच करता येईल.

पुढे पाठवण्यापूर्वी

फॉरवर्डचा विषय शिकवताना मी मुलांना नेहमी एकच घटना सांगतो, आणि ती सांगताना आवाज चढवत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे लोक होते, आणि त्यांतील बहुतेक जण आपल्या मंगळवेढा तालुक्यातील होते. ती अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होती आणि ती पुढे पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना आपण सावध करण्याचे चांगले काम करतो आहोत असेच वाटत असणार. देशभरात अशा घटना घडल्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. ही हकिकत ऐकल्यावर वर्ग शांत होतो, आणि ‘मग सर, खरेच मुले पळवणारे आले असतील तर?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतेच. तो प्रश्न योग्य आहे आणि त्याला उत्तर द्यावे : ११२ ला फोन करावा, ग्रुपवर टाकू नये.

सरावासाठी फार साधनांची गरज नाही. मुलांनी घरच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज आणावा आणि त्यावर चार प्रश्न विचारावेत : यावर तारीख आहे का, गावाचे नाव आहे का, सांगणाऱ्याचे नाव आहे का, आणि हा वाचून मला राग किंवा भीती का वाटते आहे. मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो अनेक हातांतून आलेला आहे हे ओळखावे. फोटो जुना आहे का हे गुगल लेन्सने बहुधा कळते. केंद्र सरकारच्या योजनेचा दावा असेल तर पीआयबी या सरकारच्या माहिती कार्यालयाचे तथ्य-तपासणी पान पाहावे. दहावीच्या मुलांना विशेष करून सांगावे की राज्य मंडळाने शाळेला दिलेले छापील वेळापत्रकच अंतिम असते, आणि टेलिग्रामवर पैसे घेऊन ‘उद्याचा पेपर’ देणारे लोक पेपर देत नाहीत, पैसे तेवढे घेतात. घरातील वडीलधाऱ्यांनी चुकीचे काही पाठवले असेल तर ते चारचौघांत ग्रुपवर खोडून काढू नये, त्यांना बाजूला फोन करून ‘काका, ही बातमी जुनी आहे, काढता का?’ असे विचारावे, हेही शिकवावे लागते. बरोबर असणे आणि ते नीट सांगता येणे या दोन्ही गोष्टी मुलांना यायला हव्यात.

वर्गाचा ग्रुप

वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर त्याचे नियम मुलांनीच लिहावेत, पाचापेक्षा जास्त नसावेत आणि त्यांतील एक नियम रात्रीच्या वेळेचा असावा. मुलांचे नियम आपल्यापेक्षा कडक असतात, असा अनुभव येईल. शिक्षक नसलेला एक दुसरा ग्रुप असतोच. तो शोधून काढण्याच्या मागे लागू नये.

चूक झाली तर

या संपूर्ण मार्गदर्शनात मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते येथे. काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या एका मुलीचा स्नेहसंमेलनातील फोटो कापून कोणीतरी त्याचे स्टिकर केले आणि ते मुलांच्या ग्रुपवर फिरू लागले. मुलगी माझ्याकडे आली. मी संतापलो, दुसऱ्या दिवशी परिपाठात त्या मुलाला सर्वांसमोर उभे केले, फोन जप्त केले आणि दोन्ही घरी निरोप पाठवले. त्या मुलीच्या घरी निरोप पोहोचताच तिचा फोन बंद झाला, क्लास बंद झाला, आणि पुढचे दोन महिने तिला शाळेत सोडायला आणि घ्यायला भाऊ येऊ लागला. अपराध दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला, अशी ती अवस्था मी माझ्या घाईने आणली होती. त्यानंतर वर्षभर एकही मुलगी कोणतीही तक्रार घेऊन माझ्याकडे आली नाही. तक्रारी संपल्या नव्हत्या. त्या माझ्यापर्यंत येण्याच्या थांबल्या होत्या.

तेव्हापासून मी पालक सभेत, जूनमध्येच, कोणाचेही काही बिघडलेले नसताना, पालकांकडून एक वाक्य कबूल करून घेतो : ‘तू येऊन सांगितलेस म्हणून तुझा फोन, तुझा क्लास किंवा तुझी शाळा बंद होणार नाही.’ हे वाक्य वडिलांनी घरी मुलासमोर आणि विशेषतः मुलीसमोर बोलून दाखवावे, अशी विनंती करतो. काही वडील मान हलवतात, काही गप्प राहतात. गप्प राहणाऱ्यांशी सभेनंतर बाहेर चहाला थांबून बोलावे लागते, आणि ते बोलणे टाळू नये. मुलांना छळणारे लोक नेमक्या याच भीतीवर जगतात. ‘तुझ्या घरी सांगेन’ या धमकीत जोर राहू नये यासाठी घराने आधीच सांगून ठेवायला हवे की, घरी सांगितले तर काही होणार नाही.

मूल आले की पहिली पाच मिनिटे फक्त ऐकावे. ‘तू मुळात फोटो पाठवलाच का?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नये. त्यानंतर त्रास देणाऱ्या खात्याचे नाव, त्याची लिंक, तारीख आणि संवादाचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, चॅट डिलीट करू नये, पैशांची मागणी असेल तर एक रुपयाही पाठवू नये, आणि मग खाते रिपोर्ट करून ब्लॉक करावे. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही नोंदवता येते. मदतीसाठी मुलांना १०९८ हा क्रमांक आहे, आणि मन सावरण्यासाठी कोणाशी बोलायचे असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा आहे. आधी सांगितलेला ११२ धरून हे चार क्रमांक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवावेत.

प्रकरण उघड्या शरीराच्या छायाचित्राचे असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. अशा चित्राचा स्क्रीनशॉट ‘पुरावा’ म्हणूनही काढू नये आणि शिक्षकाने ते स्वतःच्या फोनवर मागवू नये, कारण अल्पवयीन मुलाचे तसे चित्र बाळगणे आणि पुढे पाठवणे हाच कायद्याने गुन्हा आहे. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत १८ वर्षांखालील व्यक्तीचे चित्र फोनबाहेर न पाठवता त्याचा केवळ सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमांना त्यावरून ते चित्र शोधून काढता येते. अल्पवयीन मुलाच्या लैंगिक छळाची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याने, २०१२ पासून, प्रत्येकावर बंधनकारक आहे; शाळेची बदनामी नको म्हणून दोन्ही पालकांना समोरासमोर बसवून मिटवामिटवी करणे हा मार्ग नाही. मुलीबरोबर कोण जाईल, काय विचारले जाईल, हे तिला आधी समजावून सांगावे आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीतील एका बाईंनी शेवटपर्यंत तिच्यासोबत राहावे. ज्या मुलाने चूक केली त्याच्याशीही बोलायचे असते, परंतु बंद दाराआड. त्याला परिपाठात उभे करून मी त्याला सुधारले नाही, लपायला शिकवले.

घरी

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. गिरण्यांच्या भोंग्यावर ज्या सोलापूरची पिढ्यान्‌पिढ्या सकाळ झाली, त्या शहराला ही कल्पना परकी वाटू नये. तिचे मर्म हे की भोंगा सर्वांसाठी वाजतो. मुलगा फोन ठेवतो आणि वडील क्रिकेट पाहत राहतात, असे असेल तर तो नियम तीन दिवसही टिकत नाही. आपल्या घरात पाळीच्या वेळांमुळे सात ते साडेआठ जमत नसेल, तर जेवणाची वीस मिनिटे घ्यावीत, फोन देव्हाऱ्याजवळ किंवा फ्रिजवर एकत्र ठेवावेत, आणि झोपताना तो मुलांच्या उशाशी राहणार नाही एवढे पाहावे. आठवड्यातून एकदा मुलाला ‘या आठवड्यात पाहिलेले सर्वांत चांगले काय ते मला दाखव’ असे म्हणावे आणि दाखवेल ते शेवटपर्यंत पाहावे, कंटाळा आला तरी. मराठी वाचता न येणाऱ्या आईनेही हे करावे. तिला समजावून सांगताना मुलाला स्वतःलाच उमगते की आपण पाहतो त्यातले सांगण्यासारखे किती आहे.

वर्ष संपताना

एप्रिलमध्ये नववीचा वर्ग दहावीत जाण्याआधी संपादक मंडळाने एक वही लिहून ठेवावी : कोणते व्हिडिओ केले, कोणाचा होकार घेतला, कोणती चूक सापडली आणि ती कशी दुरुस्त केली, कोणाला राग आला आणि त्याची समजूत कशी काढली. खात्याचा पासवर्ड बदलावा, जुन्या मुलांचे क्रमांक ग्रुपमधून काढावेत, आणि जूनमध्ये ती वही आठवीतून आलेल्या मुलांच्या हाती द्यावी. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर गेल्या वर्षीच्या संपादक मुलीने लिहिले आहे, ‘आवाज वेगळा रेकॉर्ड करा. पंखा बंद करा. आजोबांना जोरात विचारा.’